सोळा आणे हिरवं

पीक किती आलं, हे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रुपयाच्या हिशेबात सांगितलं गेलं. भरघोस आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ आणे. नाणी बदलली तशी आणेवारीची पैसेवारी झाली आणि ५० पैशांखाली गेलेलं गाव दुष्काळी ठरू लागलं. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा मात्र निकष केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतले होते. पावसातली तूट, जमिनीतला ओलावा, पेरणीचं क्षेत्र वगैरे. आणि त्यांच्याच रांगेत उभा एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांक. पैसेवारीवर चावडीत भांडता येतं. या पाहुण्याशी भांडायचं तर आधी त्याचं कूळ विचारायला हवं.

मूळपुरुष म्हणजे झाडाचं पान. लाल प्रकाश त्याला हवा असतो. हरितद्रव्य तो अन्न तयार करायला शोषून घेतं. लालच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याच्या कामाचा नाही. आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या फटी मिळून तो मोठ्या प्रमाणात परत भिरकावतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली अवरक्त प्रकाशात टिपलेली निसर्गचित्रं प्रसिद्ध केली, त्यांत आकाश काळंभोर आणि झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी होती. लोकांना गंमत वाटली. दुसऱ्या महायुद्धात त्या गमतीला काम मिळालं. हिरवा रंग फासून लपवलेला रणगाडा डोळ्यांना फसवतो, पण रंगीत अवरक्त फिल्मवर जिवंत झाडी लाल उमटते आणि रंगवलेला हिरवा उघडा पडतो.

भारतात या फिल्मचं पहिलं मोठं काम माडांवर झालं. केरळात कायमकुलमच्या पट्ट्यात माडांना मूळकुजीसारखा रोग लागला होता. १९७०च्या सुमारास शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर त्या बागा टिपल्या गेल्या. निरोगी माड लालभडक, रोगट माड फिकट. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी न जाता बागेची नाडी कळली. भारतीय सुदूर संवेदनाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पुढे लँडसॅट-१ म्हणून ओळखला गेलेला उपग्रह सोडला. त्यावर मान होता टीव्हीसारख्या कॅमेऱ्यांचा. व्हर्जिनिया नॉरवूड यांनी रचलेला, हलत्या आरशाने जमीन पट्ट्यापट्ट्याने वाचत जाणारा स्कॅनर दुय्यम समजला जात होता. काही दिवसांतच विजेच्या बिघाडामुळे कॅमेरे बंद करावे लागले आणि सगळी भिस्त स्कॅनरवर आली. तो चित्र काढत नव्हता, आकडे पाठवत होता: सुमारे ८० मीटरच्या प्रत्येक चौकोनासाठी चार आकडे, दोन दिसणाऱ्या प्रकाशाचे आणि दोन अवरक्त. आकडा आला की बेरीज-वजाबाकी सुचतेच.

ती सुचली टेक्सास ए अँड एम विद्यापीठात. जॉन राउस यांच्या गटाला टेक्सासपासून उत्तरेकडे पसरलेल्या गवताळ मैदानांवर वसंतात हिरवळ कशी सरकत जाते, ते पाहायचं होतं. अडचण सूर्याची. दक्षिणेला तो डोक्यावर, उत्तरेला कलता. मग तेच गवत एका ठिकाणी उजळ दिसे, दुसरीकडे मंद. राउस, गटातला संशोधक विद्यार्थी डोनाल्ड डीअरिंग आणि गणिती जॉन शेल यांनी तोड काढली ती शाळकरी पोराला जमेल अशी. अवरक्तातून लाल वजा करा आणि आलेल्या वजाबाकीला त्याच दोन आकड्यांच्या बेरजेने भागा. हाच तो एनडीव्हीआय.

करून पाहावं. तरारलेल्या ज्वारीवरून अवरक्त ४५ आणि लाल ५ परत आला असं धरू. वजाबाकी ४०, बेरीज ५०, उत्तर ०.८. आता ऊन निम्मं झालं असं समजू: २२.५ आणि २.५. वजाबाकी २०, बेरीज २५, उत्तर पुन्हा ०.८. ऊन भागाकारातच विरघळलं. उघड्या मातीचे ३० आणि २० घेतले तर ०.२. उत्तर नेहमी उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये राहतं. सोळा आण्यांचीच जात म्हणायची.

राउस यांच्या गटाने उणे आकडे टाळायला या सूत्रात अर्धा मिळवून त्याचं वर्गमूळही काढलं होतं. ते शेपूट पुढे गळालं. संशोधक कॉम्प्टन टकर यांनी कोलोरॅडोतल्या गवताच्या तुकड्यांवर परावर्तन मोजलं, तेच गवत कापून तोललं, आणि लाल-अवरक्ताच्या अशा जोड्या हिरव्या पाल्याच्या वजनाशी जुळतात हे १९७९च्या शोधनिबंधात दाखवलं. मग त्यांनी धाडस केलं. लँडसॅट त्याच जागी १८ दिवसांनी येई. तेवढ्यात एक ढग आडवा आला की महिना गेला. हवामानाचे उपग्रह रोज येत, पण त्यांचा चौकोन किलोमीटरभराचा. टकर यांनी बारकावा सोडला आणि रोजची हजेरी घेतली. ढगामुळे आकडा खाली येतो, म्हणून दहा-पंधरा दिवसांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा, ही युक्तीही याच मंडळींची. सहारा दरवर्षी दक्षिणेकडे चालत निघालंय, असं तेव्हा सर्रास सांगितलं जाई. टकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली या रोजच्या आकड्यांवरून १९८० ते १९९० या काळातली हिरवळीची सीमा मांडली. १९८४च्या भीषण दुष्काळात वाळवंट दक्षिणेला सरकलं होतं आणि १९८५च्या पावसात पुन्हा मागे हटलं होतं.

भारतात १९८९पासून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने शेतीच्या दुष्काळावर याच निर्देशांकाने नजर ठेवायला सुरुवात केली. पुढे संशोधक फेलिक्स कोगन यांची पद्धत जोडीला आली: त्या भागातलं आजवरचं सर्वांत कोरडं वर्ष शून्य, सर्वांत हिरवं वर्ष शंभर, आणि यंदाचं कुठे बसतं ते पाहायचं. ही तर सरळसरळ आणेवारीच! फरक इतकाच, की ती काढणाऱ्याने शेतात पाय ठेवलेला नसतो.

आणि तिथेच गोची आहे. निर्देशांकाला हिरवेपणा कळतो, नाव-गाव कळत नाही. माळावरची वेडी बाभूळ, गाजरगवत आणि कपाशी त्याला एकाच पंक्तीत जेवायला बसलेली दिसतात. २०१९ साली एका अभ्यासाने जगाच्या वाढत्या हिरवाईत चीन आणि भारत आघाडीवर असल्याचं दाखवलं, तेव्हा जंगलं वाढली म्हणून अनेकांना हर्ष झाला. त्याच अभ्यासात भारताच्या वाटचा ८२ टक्के हिरवेपणा शेतीचा होता. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत तर एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून दाट छत्राची कुठलीही झाडी वनाच्छादनात येते, मालकी कुणाचीही असो. त्यामुळे कोकणातली हापूसची बागही तिथे ‘वन’ ठरू शकते, आणि बागायतदाराला त्याचा पत्ताही नसतो.

केंद्राच्या त्या २०१६च्या संहितेने म्हणूनच एक पायरी राखून ठेवली आहे. उपग्रह आणि पाऊस यांनी धोक्याची खूण दाखवली, की त्या भागातली दहा टक्के गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची आणि कर्मचाऱ्यांनी तिथल्या शेतांत जाऊन पीक बघायचं, मोबाइलवर फोटो काढायचे. बांधावर उभं राहून कुणीतरी कणीस हातात घेतं, पाचोळा बाजूला सारतं आणि आत दाणा भरलाय का ते बोटांनी चाचपतं.