सूडाचा दिवा: रिझालची दुसरी कादंबरी

आज जायचंय फिलिपिन्सला, आणि तेही सव्वाशे वर्षांहून जास्त मागे. तीनशेपेक्षा जास्त वर्षं तिथं स्पेनचं राज्य होतं. पण गावागावात खरी सत्ता कोणाची? तर स्पॅनिश मठवासी पाद्र्यांची. जमिनी त्यांच्या, शाळा त्यांच्या, आणि कोण राजनिष्ठ, कोण राजद्रोही हे ठरवणारेही तेच. अशा राजद्रोह्याला तिथं म्हणायचे ‘फिलिबुस्तेरो’. एकदा हा शिक्का बसला की माणूस संपला.

१८७२ साली कावितेच्या शस्त्रागारात बंड झालं. ते लगेच मोडलं, पण त्याच्या नावाखाली गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना लोखंडी पट्ट्याने गळा आवळून मारलं. त्यांचा गुन्हा कधी नीट सिद्धच झाला नाही. होसे रिझाल तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि त्याचा थोरला भाऊ पासियानो बुर्गोसच्या जवळचा. पुढे १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात रिझालची दुसरी कादंबरी छापली गेली, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’. ती त्याने याच तिघांना अर्पण केली.

आता गोष्ट. पहिल्या कादंबरीत, म्हणजे १८८७ च्या ‘नोली मे तांगेरे’मध्ये, इबारा नावाचा तरुण युरोपातून शिकून येतो. त्याला गावात शाळा बांधायची असते. बदल्यात त्याला खोट्या बंडात गोवलं जातं. दुसऱ्या कादंबरीत तोच तेरा वर्षांनी परत येतो, पण जवाहिऱ्या सिमून बनून. डोळ्यांवर निळा चष्मा, हातात अमाप पैसा, आणि थेट गव्हर्नर जनरलशी दोस्ती.

सिमूनची योजना ऐकून अंगावर काटा येतो. तो जुलूम थांबवत नाही, वाढवतो! सत्ताधाऱ्यांच्या हावेला खतपाणी घालतो. त्याचा हिशोब असा, की लोकांना इतकं पिळलं जाऊ दे, की त्यांना उठण्याशिवाय मार्गच उरू नये. म्हणजे ज्यांच्यासाठी क्रांती करायची, त्यांनाच आधी सरपण करायचं.

हे सरपण कसं तयार होतं, ते रिझाल काबेसांग तालेस या शेतकऱ्यातून दाखवतो. तालेस रान तोडून जमीन कसतो. त्या खटाटोपात बायको आणि थोरली मुलगी तापाने जातात. पीक उभं राहिल्यावर मठ म्हणतो, जमीन आमची, खंड द्या. तो खंड दरवर्षी वाढत जातो. तालेस कोर्टात जातो आणि हरतो. राखणीसाठी बंदूक घेतो, तर बंदी येते. मग कोयता, त्यावरही बंदी. मग कुऱ्हाड. शेवटी तो सिमूनचं पिस्तूल उचलून रानात जातो आणि दरोडेखोर होतो. त्याची मुलगी हुली पाद्र्याच्या तावडीतून सुटण्यासाठी मठाच्या खिडकीतून उडी टाकून जीव देते. आणि मुलगा? त्याला जबरदस्तीने सैन्यात नेलेलं असतं. पुढे एका चकमकीत त्याच्याच गोळीने त्याचा म्हातारा आजोबा मरतो. मारणारा आणि मरणारा, दोघंही एकाच घरातले. परकी सत्ता टिकते कशी, याचं उत्तर त्या एका प्रसंगात आहे.

तालेस रिझालने हवेतून आणला नव्हता. त्याच्या स्वतःच्या गावात, कालांबात, जमीन डॉमिनिकन पंथाच्या मालकीची होती. खंडावरून वाद पेटला आणि कादंबरी लिहिली जात होती त्याच काळात रिझालच्या घरच्यांसकट कुळांना तिथून हुसकावलं गेलं. सूड म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

तरीही शेवट बघा. सिमून एका बड्या लग्नात डाळिंबाच्या आकाराचा सुंदर दिवा भेट देतो. आत नायट्रोग्लिसरीन. शहरातले सगळे मातब्बर तिथेच जमलेले. पण इसागानी नावाचा तरुण तो दिवा उचलून नदीत फेकतो. का? कारण नवरी त्याची पूर्वीची प्रेयसी असते, आणि ती आत असते. सिमून विष घेतो. मरताना त्याचं ऐकून घेतो एक फिलिपिनो धर्मगुरू, फादर फ्लोरेंतिनो. अन्याय झाला हे तो नाकारत नाही, पण भ्रष्टाचार पोसून मिळवलेलं स्वातंत्र्य त्याला मान्य नाही. सिमूनची रत्नांची पेटी तो समुद्रात टाकून देतो.

म्हणजे रिझाल सूडाच्या बाजूने नाही. पण सूड घेणाऱ्याला वेडा किंवा राक्षसही ठरवत नाही. असा माणूस कोण घडवतं, हे तो पायरीपायरीने दाखवतो.

आणि सरकारला नेमकं हेच कळलं नाही. १८९६ मध्ये बोनिफासियोच्या कातिपुनान संघटनेने उठाव केला. तो घाईचा आहे, असं रिझालचं मत होतं. तुरुंगातून त्याने उठावाचा निषेधही लिहून दिला. तरी बंडाच्या आरोपाखाली ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात त्याला गोळ्या घातल्या. वय अवघं ३५. ज्या शिक्क्यावर त्याने कादंबरी लिहिली, तोच शिक्का त्याच्यावर बसला. उठाव मात्र थांबला नाही, उलट पसरला.

१९५६ च्या कायद्याने फिलिपिन्समध्ये रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासाव्या लागतात. कॅथलिक चर्चने तेव्हाही जोरदार विरोध केला होता. तुम्ही वाचायला घेतलीत, तर सिमूनपेक्षा तालेसवर लक्ष ठेवा. त्याने कुऱ्हाडीऐवजी पिस्तूल कधी उचललं, आणि त्याआधी किती दारं ठोठावली, ते मोजा. आणि आम्हाला नक्की कळवा.