आचाऱ्यांचा ‘र’ आणि अनुदानाचा जमाखर्च

‘आचार्यांना दक्षिणा द्या’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्या’ ह्या दोन वाक्यांत दक्षिणा कोणाच्या हाती पडायची, हे केवळ एका ‘र’च्या लेखनावर ठरते. मराठीच्या बहुतेक शिक्षकांनी हे उदाहरण कधी ना कधी फळ्यावर लिहिले असेल. फळ्यावर त्याला खडू पुरतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र हा भेद आपोआप उमटत नाही. त्यासाठी कोणाला तरी विचार करावा लागला, आणि त्या विचाराचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला. त्या कामाचा मोठा भाग पुण्यात, गणेशखिंडीच्या परिसरात पार पडला. त्या खर्चाचे फळ कशात मोजावे, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे.

संशोधनाला दिलेल्या पैशाचा हिशोब मागण्याची आजची रीत फार जुनी नाही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली. तेथील विद्यापीठांच्या तंत्रज्ञान-व्यवस्थापकांची संघटना १९९१ पासून दरवर्षी पेटंटे, परवाने आणि त्यांतून आलेले उत्पन्न ह्यांची मोजदाद करू लागली. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. कायदा झाला नाही, पण त्यामागचा विचार टिकला. संशोधन म्हणजे गुंतवणूक, आणि तिचा परतावा विक्रीच्या आकड्यात दिसावा, असा तो विचार.

आता गणेशखिंडीकडे वळू. आयआयटी कानपूर येथे प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम करीत होते. निधी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा होता. १९८३ मध्ये देवनागरीत चालणाऱ्या संगणकाचे प्रात्यक्षिक झाले. ह्याच कामातून ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आकाराला आले. मोहन तांबे हे त्यातील प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि जिस्टचे काम तिच्याकडे आले. संस्थेचे मुख्य कार्यालय पुढे अनेक वर्षे पुणे विद्यापीठाच्या आवारातच होते. महासंगणक बांधणे हे तिचे घोषित कार्य. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तेव्हा लोकांचे लक्ष साहजिकच त्याच्याकडे गेले. लिप्यांचे काम त्याच छताखाली, पण बाजूला चालू राहिले.

जिस्टची फळे दोन प्रकारची होती. पहिले फळ विकण्याजोगे: संगणकात बसवण्याचे जिस्ट कार्ड, पुढे अक्षरजुळणीच्या आज्ञावल्या आणि फाँट. दुसरे फळ विकता न येणारे होते. ते म्हणजे ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची प्रमाणसंहिता. तिची एक आवृत्ती १९८८ ची. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला ‘आयएस १३१९४’ ह्या क्रमांकाने मान्यता दिली. इस्कीमागील कल्पना व्याकरणाच्या विद्यार्थ्याला चटकन पटेल. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, तेव्हा सर्वांना एकच तक्ता पुरावा. संगणकाने वर्ण साठवावेत. जोडाक्षराचे रूप कसे दिसावे, हे दाखवण्याच्या वेळी ठरवावे. क, हलन्त, ष एवढे साठवले की क्ष आपोआप घडतो.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. आचाऱ्यांचा ‘र’सुद्धा त्यात आहे. ‘ऱ’ ह्या वर्णाला हलन्त लावून पुढचे व्यंजन जोडले की मराठीतील ते वळणदार अर्धे रूप मिळावे, हा नियम इस्कीला अनुसरून असल्याचे युनिकोडच्या प्रमाणग्रंथात नोंदवलेले आहे. आज भ्रमणध्वनीवर कोणी ‘दऱ्या’ लिहिते, तेव्हा हा नियम तिथे काम करीत असतो. त्यासाठी कोणी मोबदला देत नाही आणि कोणी मागतही नाही.

विकण्याजोग्या फळाचे पुढे काय झाले? कार्डाची गरज तंत्र बदलताच संपली. फाँटांची कथा अधिक बोधप्रद आहे. छपाईयोग्य फाँटांत वर्ण नव्हे, तर अक्षरांचे आकार साठवले जात. सी-डॅकची ह्यासाठी वेगळी सांकेतिक पद्धत होती आणि खासगी विक्रेत्यांच्या आपापल्या. बाजारात हे स्वाभाविकच होते. ज्याचा फाँट निराळा, त्याचा ग्राहक बांधलेला. परिणाम असा की नव्वदच्या दशकात मराठीत टंकलेला पुष्कळसा मजकूर मूळ फाँट नसेल तर आज रोमन चिन्हांचा गुंता होऊन समोर येतो. त्या काळातले प्रबंध, अंक, व्याख्यानांच्या संहिता पुन्हा टंकण्याची किंवा परिवर्तकातून काढण्याची वेळ आमच्यापैकी अनेकांवर आली आहे. २००५ मध्ये सरकारने भाषिक साधने आणि फाँट मोफत वाटायला आरंभ केला. त्या वर्षी प्रथम तमिळ, मग हिंदीची तबकडी निघाली आणि पुढे इतर भाषांच्या.

विक्रीच्या खतावणीत कार्ड आणि फाँट जमेच्या बाजूला दिसतील. प्रमाणसंहिता खर्चाच्या बाजूला राहील. प्रत्यक्षात टिकले ते जे फुकट दिले गेले ते. आणि विकलेल्या मालातून जे नुकसान पुढे झाले, ते भरले वाचकांनी व ग्रंथालयांनी.

ही जुनी गोष्ट आज सांगायचे कारण आहे. २०१६ पासून देशातील विद्यापीठांची राष्ट्रीय क्रमवारी जाहीर होते. तिच्यात विद्यापीठाच्या एकूण गुणांपैकी ३० टक्के संशोधनासाठी आहेत, आणि ते प्रामुख्याने शोधनिबंध, त्यांचे उल्लेख, पेटंटे, प्रायोजित निधी व सल्लासेवेचे उत्पन्न ह्यांवर ठरतात. शोधनिबंध मोजले जातात ते आंतरराष्ट्रीय सूचींतले. मराठी नियतकालिकांतले लेखन बहुतांशी त्यांच्या बाहेर राहते. प्रमाणसंहिता, कोश, चिकित्सित आवृत्ती ह्यांना स्वतंत्र रकाना नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये राज्य विद्यापीठांच्या गटात तिसरे होते आणि सर्व संस्थांच्या यादीत ३७ वे. २०२५ मध्ये ते ह्या यादीत ९१ वर गेले. अशा घसरणीनंतर प्रत्येक विभागाला ‘तुमची पेटंटे किती?’ असे विचारले जाणे स्वाभाविक आहे. मराठी विभागाने काय उत्तर द्यावे?

हिशोबच नको, असे आमचे म्हणणे नाही. पैसा लोकांचा आहे आणि त्याचा जाब मागण्याचा त्यांना अधिकार आहे. विक्रीलाही आमचा विरोध नाही. जिस्ट कार्ड विकले गेले म्हणूनच कचेऱ्यांतल्या संगणकांवर देशी लिप्या उमटल्या. आमचा आक्षेप एवढाच की वार्षिक उत्पन्न हे एकच माप धरले, तर सर्वांच्या उपयोगी पडलेले संशोधन तोट्याचे ठरते. किती जणांनी न विचारता, न पैसे देता ते वापरले, हेही मोजता येते. वेळ लागतो, इतकेच. इस्कीचे मोल कळायला दहा-पंधरा वर्षे जावी लागली, आणि अनुदानाचा अहवाल मार्चअखेर द्यावा लागतो.

दक्षिणा आचार्यांना गेली की आचाऱ्यांना, हे निदान आता पडद्यावर स्पष्ट लिहिता येते. ज्यांच्यामुळे ते लिहिता आले, त्यांच्या नावावर काय जमा झाले, हे शोधण्याचे काम कोणा अभ्यासकाने अंगावर घ्यावे, असे आम्हांला वाटते.