वर्ध्याचा पाऊस आणि दूरच्या सागरावरील ढग

मृग नक्षत्र लागलें कीं वर्धा, आर्वी, हिंगणघाट या भागांतील शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. काळी जमीन वखरून तयार असते, सरकी घरांत आणून ठेवलेली असते. उणीव असते ती एका भरवशाच्या पावसाची. पहिल्या सरींवर विसंबून पेरावें आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडें राहावें, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर बसतो. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकांतच परदेशच्या बाजारांत नांवाजला होता. परंतु त्या नांवलौकिकानें विहिरींत पाणी आलें नाहीं. जिल्ह्यांतील बहुतेक पीक आजही पावसाच्याच आधारानें उभें राहतें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत वर्धा होता. तेव्हां 'यंदा पाऊस कसा?' हा प्रश्न येथें नुसत्या कुतूहलाचा नाहीं.

ज्या खात्याच्या माथीं हा प्रश्न आला, तें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फाचा आणि पुढील पावसाळ्याचा संबंध जोडला. बर्फ अधिक तर पाऊस कमी, असें त्यांचें ढोबळ सूत्र होतें, आणि १८८६ पासून त्यावरून पावसाचें पूर्वानुमान प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांच्या मागून आलेले जॉन इलियट यांनीं त्यांत इतर गोष्टींची भर घातली. १८९९ सालीं इलियट यांचें अनुमान चांगल्या पावसाचें होतें. प्रत्यक्षांत पावसानें दगा दिला आणि मध्यप्रांत, मुंबई इलाखा व राजपुताना यांवर भयंकर दुष्काळ कोसळला. टीका इतकी झाली कीं पुढें कांहीं वर्षें हीं अनुमानें गुप्त ठेवण्यांत आलीं. निदान चुकलें म्हणून वैद्यानें नाडी चोरून पाहावी, त्यांतलाच हा प्रकार!

१९०४ सालीं आलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. जगभरच्या हवेच्या दाबाचे आंकडे ताडून पाहतां पाहतां त्यांस असें आढळलें कीं, पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांवरील दाब तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें खालीवर होतो. पॅसिफिकचें पाणी तापण्याशीं, म्हणजे 'एल निनो'शीं, या पारड्यांचा संबंध याकोब बियर्कनेस यांनीं १९६९ सालीं उलगडला.

परंतु ज्यांतून पाऊस पडतो, तो ढग या साऱ्या हिशेबांत कोठेंच नव्हता. जमिनीवरच्या निरीक्षकास त्याच्या डोक्यावरचे ढग दिसत. भर समुद्रांतल्या ढगांची बातमी जहाजावरच्या तुटक नोंदींतून येई तेवढीच. १९६० सालीं पहिला हवामान-उपग्रह आकाशांत गेला, आणि ढगांकडे वरून पाहण्याची सोय झाली.

या नव्या चित्रांचा अर्थ लावणाऱ्यांत एक नांव मराठी वाचकांस अभिमानाचें आहे. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ सालीं पुण्यांत झाला. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशीं परतल्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंत कांहीं काळ राहिल्या आणि पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंत त्यांनीं आयुष्यभर काम केलें. २०२५ सालीं त्यांचें निधन झालें. पुण्याचे डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० सालीं त्यांनीं दाखविलें कीं, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा एक लांबच लांब पट्टा जन्मतो आणि पावसाळ्यांत कांहीं आठवड्यांच्या अंतरानें उत्तरेस सरकत भारतभूमीवर येतो. मध्य भारतावरचा पट्टा विरला कीं पावसांत खंड पडतो. वर्ध्याच्या शेतकऱ्यास ज्या उघडिपीचा धाक असतो, तिचें मूळ असें पार दक्षिणेच्या समुद्रापर्यंत जाऊन पोंचतें.

मग समुद्रावर ढग केव्हां जमतात? जोसेफ व जोशी या सहकाऱ्यांसह १९८४ सालीं त्यांनीं जें उत्तर दिलें, तें मोठें मार्मिक आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचें उष्णतामान सुमारें २८ अंश सेंटिग्रेडच्या खालीं असेल, तर उंच ढगांची दाटी क्वचितच होते. तें त्याच्या वर गेलें कीं दाटी होऊं शकते. होईलच असें मात्र नाहीं. चूल पेटली म्हणून भात शिजलाच असें थोडेंच आहे? नैर्ऋत्येचे जोराचे वारे सुटतांच अरबी समुद्राचें पाणी ढवळून बरेंच थंड होतें. बंगालच्या उपसागरांत गंगा-ब्रह्मपुत्रादि नद्यांचें हलकें गोडें पाणी वर तरंगतें, त्यामुळें तो उबदार राहतो. तेथें कमी दाबाचें क्षेत्र निर्माण होऊन तें ओडिशा व छत्तीसगडवरून पश्चिमेस सरकलें, म्हणजे वर्ध्याच्या शिवारांत पाऊस येतो.

ढग हे समुद्राचें लेंकरूं असलें तरी तें आईवरही सत्ता गाजवितें. दाट ढग सूर्यप्रकाश परतवून लावतात आणि खालचें पाणी निवतें. उलट उंचावरचे विरळ ढग पृथ्वीची उष्णता पांघरुणाप्रमाणें अडवून धरतात. साऱ्या पृथ्वीचा जमाखर्च मांडला तर थंडावा अधिक भरतो. पृथ्वी तापत चालली असतां हा जमाखर्च पुढें कसा बदलेल, यावरच शास्त्रज्ञांचीं गणितें सर्वांत अधिक अडखळतात.

नुसत्या पॅसिफिककडे पाहून भागत नाहीं, हें दोन वर्षांनीं शिकविलें. १९९७ सालीं एल निनो अतिशय प्रबळ होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. २००२ सालीं तो त्याहून सौम्य होता, अनुमानही साधारण पावसाचें होतें. पण जुलैंत निम्माच पाऊस पडला आणि देशांत दुष्काळ पडला. गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचा उलगडा हिंदी महासागरावरील ढगांतच शोधला. विषुववृत्तावर ढगांची दाटी कधीं आफ्रिकेच्या बाजूस असते, तर कधीं सुमात्राच्या बाजूस. पश्चिमेकडील दाटी आपल्या पावसास पोषक ठरते, पूर्वेकडील मारक.

पुढें कर्नाटकांतील पावगड भागांत भुईमूग पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसून गाडगीळ यांनीं पेरणीच्या योग्य काळाचा अभ्यास केला. साऱ्या देशाच्या पावसाची सरासरी त्या शेतकऱ्यांस नको होती. सरकी टोबण्यास आलेल्या वर्ध्याच्या शेतकऱ्यालाही ती नकोच असते. यंदा ओल झाल्यावर पुढले पंधरा दिवस आभाळ उघडें राहील कीं नाहीं, एवढेंच त्याला विचारायचें असतें.