शिमोदा खटला (१९६३) : अण्वस्त्रवापराची कायदेशीर व नैतिक चिकित्सा

प्रस्तावना :

दि. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अमेरिकेने अणुबॉम्ब टाकले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार, तर नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. या घटनेची इतिहासातील चर्चा मुख्यत्वे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा निर्णय, जपानची शरणागती आणि शीतयुद्धाचा प्रारंभ या विषयांभोवती झालेली आहे. ज्यांनी हा संहार प्रत्यक्ष सोसला त्यांनी कोणत्या न्यायासनापुढे दाद मागावी, हा प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. टोकियो जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ रोजी दिलेला शिमोदा खटल्याचा निकाल या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या निकालाच्या आधारे अण्वस्त्रवापराच्या नैतिकतेचा परामर्श घेतला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी :

नागासाकीवर बॉम्ब पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्ट १९४५ रोजी, जपान सरकारने स्वित्झर्लंडमार्फत अमेरिकेकडे निषेध नोंदविला. लढवय्ये व नागरिक असा भेद न करणारे आणि विनाकारण यातना देणारे हे अस्त्र आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, अशी त्या निषेधाची भूमिका होती. शरणागतीनंतर चित्र पालटले. सप्टेंबर १९४५ पासून दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने वृत्तपत्रांवर निर्बंध लादले व बॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने लिहिणे अशक्य झाले. अमेरिकेच्या पुढाकाराने १९४७ साली हिरोशिमात काम सुरू केलेला अणुबॉम्बबाधितांचा अभ्यास आयोग पीडितांची तपासणी करीत असे. त्यांच्यावर उपचार करणे हे त्याचे कार्य नव्हते. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहातील कलम १९ अन्वये जपानने युद्धातून उद्भवलेले स्वतःचे व आपल्या नागरिकांचे दावे सोडून दिले. पीडितांचा अमेरिकेकडे जाण्याचा मार्ग अशा रीतीने त्यांच्याच सरकारने बंद केला.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर झालेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एका जपानी मासेमारी नौकेवरील खलाशी किरणोत्सर्गाने बाधित झाले. त्यानंतर जपानमध्ये अण्वस्त्रविरोधी जनमत संघटित होऊ लागले. याच वातावरणात १९५५ साली हिरोशिमा व नागासाकी येथील पाच पीडितांनी जपान सरकारविरुद्ध दावा दाखल केला. त्यांच्यापैकी एकाची पाच मुले हिरोशिमात मृत्यू पावली होती. बॉम्बफेक बेकायदेशीर होती, त्यामुळे आपल्याला अमेरिकेकडून भरपाई मागण्याचा हक्क होता आणि तो हक्क जपान सरकारने तहाद्वारे सोडून दिल्याने भरपाई त्याच सरकारने द्यावी, असा वादींचा युक्तिवाद होता.

सरकारचा बचाव :

या खटल्यातील सर्वांत बोलकी बाब म्हणजे प्रतिवादी जपान सरकारने घेतलेला पवित्रा. अणुबॉम्ब हे नवे अस्त्र असल्याने त्यास मनाई करणारा कायदा १९४५ साली अस्तित्वात नव्हता. बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले व दोन्ही बाजूंची आणखी मनुष्यहानी टळली, असे सरकारने मांडले. १९४५ च्या निषेधाबाबत विचारणा होताच, ती युद्धरत राष्ट्राची तत्कालीन भूमिका होती, असे उत्तर देण्यात आले. अमेरिकेचे माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये 'हार्पर्स' मासिकातील लेखात बॉम्बच्या समर्थनार्थ दिलेली कारणे अशा प्रकारे बॉम्ब सोसलेल्या देशाच्या सरकारनेच आपल्या नागरिकांविरुद्ध वापरली. नागरिकांच्या यातनांचा निषेध आणि त्या यातनांचे समर्थन या दोन्ही गोष्टी राज्यसंस्था आपल्या सोयीनुसार करू शकते, हे यातून स्पष्ट होते.

न्यायालयाची मीमांसा :

न्यायालयाने सरकारचा मुख्य युक्तिवाद अमान्य केला. अस्त्र नवे असले तरी युद्धविषयक कायद्याची मूलतत्त्वे त्यास लागू होतात, हे त्याच्या विवेचनाचे पहिले सूत्र होते. १९०७ चे हेग नियम व १९२३ चा हवाई युद्धनियमांचा मसुदा यांच्या आधारे न्यायालयाने संरक्षित व असंरक्षित शहर हा भेद तपासला. शत्रूचे भूदल ताबा घेण्यासाठी चालून येत आहे आणि शहर त्याचा प्रतिकार करीत आहे, अशी स्थिती या दोन्ही शहरांत नव्हती. म्हणून तेथे केवळ लष्करी लक्ष्यांवर हल्ला करणेच कायदेशीर ठरले असते. हिरोशिमात लष्कराचे मुख्यालय होते, ही वस्तुस्थिती आहे. परंतु संपूर्ण शहर भस्मसात करणाऱ्या अस्त्राला मुख्यालय आणि शाळा यांत भेद करता येत नाही. त्या दिवशी घरे पाडण्याच्या कामावर नेमलेली हजारो शाळकरी मुले शहराच्या मध्यभागात होती.

संपूर्ण युद्धात सर्वच नागरिक युद्धयंत्रणेचे घटक ठरतात, हा विचारही न्यायालयाने स्वीकारला नाही. तसेच अणुबॉम्बच्या यातना विष व विषारी वायू यांच्या यातनांहून अधिक असल्याने अनावश्यक क्लेश न देण्याच्या तत्त्वाचाही भंग झाला, असे मत व्यक्त केले. तरीही दावा फेटाळला गेला. तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तीला स्वतंत्रपणे भरपाई मागण्याचा हक्कच नव्हता. जो हक्क नव्हता तो तहाने हिरावला गेला असेही म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. पीडितांना साहाय्य करणे हे संसद व शासन यांचे कर्तव्य असल्याचे सांगून न्यायालयाने राजकारणाच्या दारिद्र्याबद्दल खेद प्रकट केला. वादींनी अपील केले नाही आणि निकाल अंतिम ठरला.

नैतिक प्रश्न आणि परिणाम :

बॉम्बच्या समर्थनाचा मुख्य आधार परिणामवादी आहे : जपानवरील चढाईत अधिक माणसे दगावली असती. हा युक्तिवाद गंभीर आहे. कारण ओकिनावाच्या लढाईतील भीषण प्राणहानी तेव्हा ताजी होती. तथापि ८ ऑगस्टला सोव्हिएत रशियाने युद्ध पुकारल्याने शरणागतीचे श्रेय एकट्या बॉम्बला देता येत नाही. शिवाय जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखालील शास्त्रज्ञांच्या समितीने जून १९४५ मध्येच निर्जन स्थळी प्रात्यक्षिक करण्याची सूचना केली होती. म्हणजे पर्याय सुचविले गेले होते. परिणामांचा हिशेब करावयाचा तर तो १९४५ पाशी थांबत नाही. वाचलेल्या लोकांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण पुढील काही वर्षांत वाढले आणि इतर कर्करोगांचा धोका अनेक दशके टिकून राहिला. युद्ध संपले तरी शस्त्राचा परिणाम संपला नाही. 'अनावश्यक क्लेश' या संज्ञेचा अर्थ येथे कळतो.

याच प्रश्नाला टोकियो येथील युद्धगुन्हेगारी न्यायाधिकरणातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मधील आपल्या भिन्नमत निकालपत्रात स्पर्श केला होता. पराभूतांची चौकशी होत असताना अणुबॉम्बचा निर्णय मात्र चौकशीबाहेर राहिला, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ च्या सल्लागार मतात अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणतः युद्धकायद्याविरुद्ध ठरेल असे म्हटले. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आले असता काय, याचे निश्चित उत्तर दिले नाही. या मुद्द्यावर मते सात विरुद्ध सात अशी विभागली गेली व अध्यक्षांचे निर्णायक मत घ्यावे लागले. २०१७ साली स्वीकृत झालेला अण्वस्त्रबंदी करार जानेवारी २०२१ मध्ये अमलात आला, परंतु भारतासह कोणत्याही अण्वस्त्रधारी राष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या निहोन हिदान्क्यो या पीडितांच्या संघटनेस २०२४ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

निष्कर्ष :

१. नवे अस्त्र जुन्या कायद्याच्या कक्षेबाहेर असते, हा दावा शिमोदा निकालाने अमान्य ठरविला.

२. बेकायदेशीर कृत्य सिद्ध होऊनही पीडितास भरपाई न मिळणे, ही राज्यकेंद्री आंतरराष्ट्रीय कायद्याची मर्यादा होय.

३. मनुष्यहानी टळल्याचा युक्तिवाद ज्यांचे प्राण घेतले गेले त्यांच्या संमतीशिवाय केला जातो. त्यामुळे अण्वस्त्रवापराची चिकित्सा केवळ सैनिकी हिशेबावर न सोडता पीडितांच्या हक्कांच्या दृष्टीने करणे आवश्यक ठरते. न्यायालयाने जे कर्तव्य संसदेकडे सोपविले, ते त्यानंतर १९६८ व १९९४ च्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने पुढे नेले गेले. तोपर्यंत अनेक पीडित हयात राहिले नव्हते.