सनबीम टायगर

ब्रिटनच्या रूट्स समूहाची दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारगाडी (१९६४–६७). ‘सनबीम अल्पाइन’ या देखण्या पण कमी ताकदीच्या गाडीतले १.६ लिटरचे चार सिलिंडरी एंजिन काढून तिथे फोर्डचे सुमारे ४.३ लिटरचे व्ही-८ बसवून ती घडवली. नमुना गाडी अमेरिकेत मोटार शर्यतपटू व रचनाकार कॅरल शेल्बी यांनी तयार केली. उत्पादन वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कारखान्यात झाले. एंजिनासाठी जागा इतकी अपुरी, की रंग देऊन आलेल्या सांगाड्याचा एंजिनमागचा पत्रा कामगार घणाने ठोकून आत दाबत. स्टिअरिंगची रचना बदलून रॅक-पिनियन पद्धतीची करावी लागली. मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत हात पोहोचावा म्हणून त्या पत्र्याला चक्क भोक ठेवले होते. पुढे रूट्स समूह फोर्डच्या प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीच्या ताब्यात गेला. फोर्डच्या एंजिनाऐवजी स्वतःचे बसवावे, तर क्रायस्लरच्या व्ही-८चा डिस्ट्रिब्यूटर (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग) मागच्या बाजूला असल्याने ते एंजिन इथे मावेना आणि एवढ्या गुणी गाडीचे उत्पादन थांबले.