यशोदाबाईंची वही

मंडळी, पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायला घेतलीय. त्यात यशोदा नावाची बाई आहे, पूर्ण काल्पनिक. साल १९८२, राहायला चिंचपोकळीची चाळ, काम गिरणीत, नवऱ्यासोबत तीही संपावर. आठ पानं लिहून झाली. मग वाटलं, ही बाई रोज ज्या रस्त्याने जाते तो रस्ता आपण एकदा पायी तरी घालावा. बातमी असेल तर जागेवर जातो, मग कथेलाच सवलत कशाला? म्हणून मागच्या महिन्यात रात्रीच्या एसटीने मुंबई गाठली आणि दोन दिवस गिरणगावात फिरलो.

करी रोडला उतरलो. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरचीचा ठसका बसला तेव्हा बरं वाटलं, म्हटलं एवढं तरी शिल्लक आहे. चिवडा गल्ली आहे, भारतमाता थिएटर आहे. पण मान वर केली की टॉवर. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, त्यात जुनी चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला. पोरं तिच्याखाली फोटो काढत होती.

एका चहाच्या टपरीवर पंच्याहत्तरी ओलांडलेले एक काका भेटले. साळखात्यात साचे चालवलेले. "कुठचा तू?" "देवरुखचा." "मग आपलाच की." त्यांना यशोदाची गोष्ट सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "ब्याऐंशीला गिरणीत बाई? कुठच्या खात्यात घातलीस तिला?"

मला उत्तर देता येईना. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की काकांचा प्रश्न बरोबर होता. बाया गिरणीत होत्या, पण बऱ्याच आधी. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बाया होत्या, कांडी भरायच्या, सुताच्या लडी करायच्या. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, बायांना रातपाळीला बंदी होतीच, नवी यंत्रं आली, आणि मालकांना बाई ठेवणं नकोसं झालं. १९८२ पर्यंत गिरणीत बाई क्वचितच दिसायची. म्हणजे माझी यशोदा गिरणीत असण्यापेक्षा दुसरीकडे असण्याची शक्यता फार जास्त. "ती खानावळ चालवत असणार," काका म्हणाले. "आम्ही सगळे बाईकडेच जेवायचो."

इथे थोडं थांबतो, कारण हे नीट समजल्याशिवाय गिरणगाव समजत नाही. आपल्या भागातला, साताऱ्याकडचा, घाटावरचा माणूस गिरणीत गेला तो एकटा. बायकापोरं गावी. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात वीस-पंचवीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. तिथे चूल कोण पेटवणार? मग शेजारच्या चाळीतली एखादी बाई दहा-वीस जणांना दोन वेळचं जेवण घालायची. दहा बाय सोळाच्या खोलीत स्वतःचा संसार, त्यातच हे. तिन्ही पाळ्यांची माणसं, म्हणजे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चूल चालू. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, पण रविवारी सगळे खोलीवरच असायचे, त्यात मटणमासळी, त्यामुळे बाईला त्या दिवशी दुप्पट काम. (लोखंड्यांना दोष देत नाहीये. सुट्टी कोणाला पोचते ते सांगतोय.)

आणि हे सगळं उधारीवर. जेवणारा पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर बाई वाण्याकडून उधार आणणार, वाणी थांबला नाही तर दागिना गहाण. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याचसाठी. सुरुवातीला १४ खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळालं. सावकाराच्या व्याजातून सुटायची पहिली वाट ती.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. या संपावर ढीगभर लिहिलं गेलंय, मी काय नवीन सांगणार. एकच प्रश्न विचारतो. पगार बंद झाल्यावर जी माणसं खोलीवर राहिली, ती पहिले काही महिने जेवली कुठे? काका म्हणाले, "बाईने वही मिटली नाही. नावापुढे लिहित गेली. मग आम्हीच एकेक करून गावी गेलो, तोंड चुकवून."

हे ऐकल्यावर मला पुढचा चहा गेला नाही. कारण माझे वडील त्याच संपात गावी आले. मी तेव्हा तीन वर्षांचा. आई अजून कधीतरी बोलून जाते, "मुंबैच्या बाईचे पैसे ऱ्हायले ते ऱ्हायलेच." लहानपणी वाटायचं, ही कोणी नातेवाईक असेल. परत आल्यावर आईला नीट विचारलं. रक्कम तिला माहीत नाही, बाईचं नाव माहीत नाही. चिंचपोकळी स्टेशनजवळची चाळ, दुसरा माळा, एवढंच. वडील वारून अकरा वर्षं झाली.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. १९९१ च्या नियमात पालिकेला एक तृतीयांश आणि घरांसाठी एक तृतीयांश मिळायचं होतं, २००१ ला नियम असा बदलला की फक्त मोकळी जागा मोजायची. वाटा आक्रसला. तरी कामगारांना घरं देण्याची योजना आली, दीड लाखाहून जास्त अर्ज आले. आपल्या तालुक्यातही कित्येकांनी भरलेत, मीच काहींचे फॉर्म लिहून दिलेत. पात्रता काय? १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव पाहिजे. खानावळवालीचं नाव कुठच्या पटावर असणार? तिच्या वहीत इतरांची नावं होती, तिचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. फॉर्म भरताना हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

आठ पानं फाडली. यशोदा आता चिंचपोकळीला दुसऱ्या माळ्यावर राहते, तिच्याकडे सतरा माणसं जेवतात, त्यातला एक आपल्याकडचा आहे.

तुमच्या घरात कोणी गिरणीत होतं का? ते कोणाकडे जेवायचे, बाईंचं नाव काय, चाळ कुठली, विचारून बघा आणि खाली लिहा. चिंचपोकळीची असेल तर मला फोनच करा.