पृथ्वीचे आकर्षण आणि उपग्रहावरील बल : भास्कराचार्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू व यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आढळते. त्या ग्रंथांपैकी ‘सिद्धांतशिरोमणी’ (इ.स. ११५०) मधील गोलाध्यायाच्या आधारे, गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भारतात लागला, असे विधान व्याख्यानांतून व स्मरणिकांतून वारंवार केले जाते. हे विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

भास्कराचार्यांच्या मते पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. स्वतः पृथ्वीला आधार लागत नाही, कारण सर्व बाजूंनी आकाश सारखेच असताना ती पडणार कोठे? पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे असे मानणाऱ्या समाजात हा युक्तिवाद धाडसी होता, यात शंका नाही. परंतु हे आकर्षण चंद्रापर्यंत पोहोचते, असे भास्कराचार्य म्हणत नाहीत. ग्रहगोलांच्या दैनिक भ्रमणाचे कारण त्यांच्या लेखी ‘प्रवह’ वायू हे आहे. साहजिकच चंद्रावरील बल मोजण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच राहिला नाही.

तो प्रश्न न्यूटनने हाताळला (‘प्रिन्सिपिया’, १६८७). चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० भूत्रिज्या अंतरावर आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तेथील त्वरण भूपृष्ठावरील ९.८ च्या ३६०० व्या भागाइतके, म्हणजे ०.००२७ मीटर प्रति सेकंद वर्ग असावयास हवे. चंद्राच्या २७.३ दिवसांच्या प्रदक्षिणेवरून स्वतंत्रपणे काढलेले मूल्यही तेवढेच येते. पडणारे फळ व फिरणारा चंद्र यांना एकच नियम लागू असल्याचे या मेळाने सिद्ध झाले.

हेच गणित भारताच्या पहिल्या उपग्रहास लावता येते. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या ‘आर्यभट’चे वस्तुमान ३६० किलोग्रॅम होते आणि तो सुमारे ६०० किलोमीटर उंचीवरून फिरत असे. भूत्रिज्या ६३७१ किलोमीटर धरल्यास केंद्रापासूनचे अंतर ६९७१ किलोमीटर होते. (६३७१ ÷ ६९७१) चा वर्ग ०.८३५, म्हणून त्वरण ८.१९ आणि बल सुमारे २९५० न्यूटन. जमिनीवर हेच बल ३५३० न्यूटन होते. कक्षेत गुरुत्वाकर्षण नसते हा विद्यार्थ्यांत रूढ असलेला समज या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. विरळ हवेच्या घर्षणाने ‘आर्यभट’ची कक्षा हळूहळू खाली आली, तसतसे त्यावरील बल वाढत गेले व फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याने वातावरणात प्रवेश केला.